साखरपुडा सोडून वरसईला

अहो वहिनी, विचारा की सरळ. रविवारपासून तुमचा जीव टांगणीला लागलाय, मला काय कळत नाही? लाल गाडी कोणाची, भर सकाळी मी तीत बसून गेले कुठे, आणि रात्री परत आले ती केसांना धुराचा वास घेऊन, हेच ना? समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी तर ह्यांना गाठून विचारलं, "माहेरी सगळं बरं आहे ना?" माहेरी काय व्हायचंय! थांबा, ती कढीपत्त्याची फांदी जरा बाजूला धरा. समोरच्याचं तोंड दिसल्याशिवाय मला सांगता येत नाही. हां.

माझी मैत्रीण आली होती. शाळेतली. पनवेलला पाचवीपासून आम्ही एका बाकावर. नाव नाही सांगत हो. तिच्या घरी अजून वाटतंय की ती पुतण्याच्या साखरपुड्याला गेली होती, आणि साखरपुड्याच्या घरी वाटतंय की तिला वाटेत चक्कर आली. उद्या तुमच्या नणंदेची जाऊ त्यांच्या नात्यात निघाली तर? पनवेल तालुक्यात कोण कुणाचं कधी निघेल, सांगता येत नाही.

झालं असं, की मी गाऊनवर होते. डोक्याला तेल. मोड आलेले वाल सोलायला घेतलेले. ह्यांना रविवारी डाळिंब्यांची उसळ नसली की रविवार उगवल्यासारखा वाटत नाही. आणि फाटकाशी हॉर्न. बघते तर ही! पैठणी नेसलेली, गळ्यात मोत्यांचा सर, मागच्या सीटवर आहेराची पिशवी आणि पेढ्यांचा खोका. डोंबिवलीहून निघाली होती पनवेलच्या हॉलवर. म्हणाली, "शिळफाट्यापासून विचार करत आलेय. साडी बदल आणि गाडीत बस."

"हॉलवर मी कशाला? मला बोलावणं नाही."

"हॉलवर नाही जायचं."

"मग कुठे?"

"पळस्प्याला ठरवू."

झालं. वाल तसेच परातीत. ह्यांना म्हटलं, "येते जरा." जरा म्हणजे किती, ते मला तरी कुठे ठाऊक होतं!

हसताय काय? तुम्ही सांगा, आपण राहतो कुठे बघा. मुंब्र्याचा रस्ता आपल्या उशाशी. कळंबोलीला एक्सप्रेसवेचं तोंड. पळस्प्याला एक फाटा गोव्याला, एक जुन्या रस्त्यानं पुण्याला. २०२३ च्या नोव्हेंबरात पेंधरपर्यंत मेट्रो आली, आता विमानतळही झाला. अख्ख्या महाराष्ट्राची जायची वाट आपल्या दारावरून, आणि आपण जातो कुठे? भाजी आणायला खारघरला. बाहेरच्यांना तळोजा म्हटलं की ते विचारतात, तुरुंगाच्या अलीकडे की पलीकडे? आपल्याला अलीकडे म्हणताना केवढा आनंद होतो.

गाडी मस्त चालवते हो. तिचे यजमान गेल्यानंतर शिकली. गाडी घेतली होती त्यांनीच, आणि ती दारात धूळ खात उभी. मुलगा म्हणाला विकून टाकू. ही म्हणाली, विकायच्या आधी एकदा चालवून बघते. नावडे फाट्याला ट्रेलरांची रांग, तिच्यातनं अशी काढली की मी डोळे मिटले. कळंबोली सर्कलला तर मी मनातल्या मनात रामरक्षा पुरी केली. तिथे नेहमीचंच, सगळ्यांना एकाच वेळी सगळीकडे जायचं असतं.

पळस्प्याला आलो तशी म्हणाली, "पुण्याला काय, लोक जातातच," आणि उजवीकडे वळली. गोव्याच्या रस्त्याला.

आता हा गोव्याचा रस्ता म्हणजे तुम्हाला माहितीच आहे. आपली मुलं शाळेत होती तेव्हा रुंद व्हायला लागला, आता त्यांची मुलं शाळेत जातात. भावजी तुमचे दर गणपतीला संगमेश्वरला जातात आणि कंबर धरून परत येतात, मी त्यावर काय बोलू! पण पेणपर्यंत आता बरा आहे.

शिरढोणची पाटी दिसली आणि हिनं गाडी आत घातली. वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव. आम्ही दोघी पनवेलच्या. शाळेत जन्म ४ नोव्हेंबर १८४५, मृत्यू १७ फेब्रुवारी १८८३, एडन, असं घोकलेलं. आणि एवढ्या आयुष्यात त्यांच्या वाड्याकडे कधी पाय वळला नाही. गोव्याला जाताना डावीकडे की उजवीकडे तेवढंच बघायचं, ते पण लक्षात राहायचं नाही.

ही लायब्ररीत होती ना नोकरीला, तिला सगळं पाठ. मला म्हणाली, तू हिशेबाच्या टेबलावर आयुष्य काढलंस, तुला हे कळेल. फडकेही पुण्याला लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून. इकडे शिरढोणला आई आजारी. रजा मागितली, मिळेना. शेवटी तसेच निघाले, तर पोचेपर्यंत आई गेलेली. पुढच्या वर्षी श्राद्धाला रजा मागितली, तीही नाकारली. वहिनी, रजेचा अर्ज परत आला की पोटात काय होतं ते मला विचारा. सासूबाई आयसीयूत होत्या तेव्हा मला आमच्या साहेबांनी मार्च एंड दाखवला होता. मी काय केलं? बाथरूममध्ये जाऊन रडले आणि व्हाउचरं पुरी केली. ह्या माणसानं पुढे रामोशी, कोळी जमवले आणि इंग्रज सरकारविरुद्ध बंड उभारलं. आता एका रजेपायी कुणी बंड करत नाही, हे मलाही समजतं. मधे १८७६-७७ चा दुष्काळ होता, गावंच्या गावं उपाशी होती, ते त्यांनी पाहिलं होतं. पण ती रजा आत कुठेतरी सलत असणारच की! २० जुलै १८७९ ला पकडले गेले. एडनला नेऊन टाकलं. तिथेही पठ्ठ्यानं कोठडीचं दार बिजागरीतून उखडलं आणि पळाला. पुन्हा धरलं, मग अन्न सोडलं आणि तिथेच गेला. कुठे शिरढोण आणि कुठे एडन.

फडक्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते म्हणतात. शिरढोणहून बाहेर पडलो की समोर कर्नाळ्याचा तो अंगठा दिसतोच.

नाही, कर्नाळ्याला नाही थांबलो. पैठणी नेसून अभयारण्यात काय जायचं? तारा गावाला मात्र थांबलो. तिथे युसुफ मेहेरअलींच्या नावाचं सेंटर आहे, माहितीय? मेहेरअली म्हणजे 'सायमन गो बॅक' आणि 'क्विट इंडिया' ह्या घोषणा ज्यांच्या नावावर आहेत ते. घाण्याचं तेल आणि साबण घेतले. तुमच्यासाठी पण आणलाय एक साबण, मग देते.

खारपाड्याचा पूल ओलांडला, पाताळगंगेचा, आणि पलीकडे एका टपरीवर चहा घेतला. तोवर मी एकदाही विचारलं नव्हतं की बाई, तू सख्ख्या पुतण्याचा साखरपुडा का बुडवलास? जुनी मैत्रीण असली की असं असतं. ती सांगेल तेव्हा सांगेल. तिनं बशीत चहा ओतला आणि म्हणाली, "मागच्या महिन्यात दिराकडे बारसं होतं. ओट्या भरायला बायका उठल्या. जाऊबाई आली आणि म्हणाली, ताई, तुम्ही जरा त्या पलीकडच्या खुर्चीत बसा, पंख्याखाली, तुम्हाला उकडत असेल."

डिसेंबर होता, वहिनी.

बस, एवढंच. भांडण नाही, अपशब्द नाही. पंख्याखालची खुर्ची. शिळफाट्याला हिच्या डोळ्यांसमोर म्हणे ती खुर्ची आली.

तुम्ही गप्प का झालात? मला ठाऊक आहे तुमच्या मनात काय आलं. संक्रांतीला आपल्या सोसायटीतलं हळदीकुंकू, आणि बी विंगमधल्या त्या बाईंना कोणी बोलावलं नव्हतं. मीही तिथेच होते हो, वाण घेऊन आले, मी काय वेगळी? २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला की आमच्या गावात विधवांचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. टीव्हीवर दाखवलं होतं. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढलं की बाकीच्या गावांनीही हेच करावं. चांगलंच झालं. पण साखरपुड्याच्या हॉलमध्ये परिपत्रक पोचत नाही. तिथे खुर्च्या मांडणाऱ्या आपणच.

असो. पेणला आलो. तिथे तर तुम्हाला माहिती, गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यांना बारा महिने काम. सोंडा वाळत होत्या रांगेनं, पांढऱ्याफटक. आम्ही पापड घेतले, पोह्याचे मिरगुंड घेतले. बाजारात एक बाई अबोलीचे वळेसर घेऊन बसलेली. मी दोन घेतले. एक माझ्या केसात घातला आणि काही न बोलता दुसरा तिच्या. पैठणीला तोच तर कमी होता सकाळपासून! ती पण काही बोलली नाही. आरशात बघून जरा तिरपा केला, तेवढंच.

तेवढ्यात फोन सुरू. आधी तिच्या जावेचा. हिनं मला दिला. मी म्हटलं, "हो, जरा गरगरलं त्यांना, लिंबूपाणी दिलंय, झोपल्यात." मागून भोंगा वाजवत एसटी गेली. मग ह्यांचा. "साखर कुठे आहे?" चाळीस वर्षं संसार झाला, साखर कुठे आहे! म्हटलं, डब्यात. "कुठल्या डब्यात?" म्हटलं, साखरेच्या.

घंटागाडी आली वाटतं. जाऊन या, मी आहे इथेच.

आलात? ओला-सुका वेगळा केलात ना? नाहीतर तो पोरगा ओरडतो. हां, तर पेण. मी म्हटलं, आता परत फिरू. ही म्हणाली, आता तर सुरुवात झाली. आणि खोपोलीच्या रस्त्याला गाडी लावली. मी म्हटलं इकडे काय? म्हणाली, "साखरपुडा बुडवून आलेय ना? तर ज्यानं परीक्षा बुडवली त्याच्या घरी जाऊ."

गागोदे. विनोबा भाव्यांचं जन्मगाव. ११ सप्टेंबर १८९५. नऊ-दहा वर्षांचे होईपर्यंत तिथेच होते आजोबांकडे, मग वडिलांकडे बडोद्याला. आणि काय केलं माहितीय? १९१६ च्या मार्चमध्ये बडोद्याहून मुंबईला निघाले, इंटरच्या परीक्षेला. घरच्यांनी डबा बांधून दिला असेल, पेनात शाई भरून दिली असेल. आणि हे सुरतेला गाडीतून उतरले आणि दोन मित्रांबरोबर काशीची गाडी पकडली! घरी पत्र टाकलं, की परीक्षेला जात नाही, दुसरीकडे चाललोय. त्याआधी एकदा आईशी बोलत चुलीपुढे बसले असताना सगळी सर्टिफिकिटं आगीत टाकलेली. आपल्या पोरानं असं केलं असतं तर आपण काय केलं असतं सांगा! तुमच्या धाकट्यानं नुसती सायन्स सोडली तर तुम्ही आठ दिवस जेवला नव्हतात. आणि त्या दोन मित्रांमधला एक तिथे काशीतच आजारी पडून गेला. ह्यांनीच त्याला गंगेकाठी अग्नी दिला. हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं विनोबा म्हणजे जन्मापासूनच दाढीवाले, पंचा नेसून भूदान मागत फिरणारे. विशीतला पोरगा मित्राला जाळून एकटा घाटावर बसलाय, असं कधी डोळ्यांसमोरच आलं नव्हतं. मग तिथून अहमदाबादला, कोचरबच्या आश्रमात गांधींकडे गेले. भूदान पुढे कितीतरी वर्षांनी, १९५१ ला. सगळा देश पायी पालथा घातला, सुरुवात मात्र तिकीट एकीकडचं आणि उतरले दुसरीकडे, अशी.

घर जपून ठेवलंय त्यांचं. गाव शांत. आंब्यांना मोहोर. आम्ही तिथे अंगणाच्या कडेला बसून पेढे खाल्ले. साखरपुड्याचे! खोक्यावर मुलाचं आणि मुलीचं नाव छापलेलं, बदामाच्या आकारात. ही म्हणाली, "सुखी राहा रे बाळांनो," आणि दुसरा पेढा उचलला. विनोबांच्या घरी म्हणे फणस पिकला की आई आधी शेजारीपाजारी वाटून यायला सांगायची, मग घरच्यांना. म्हणून मीही त्यातले थोडे उचलून ठेवले तुमच्यासाठी. पण ते ह्यांनी सोमवारी संपवले, ते जाऊ द्या.

आता खरी गंमत पुढे. तिथून वळलो वरसईला.

वरसई ऐकलीय का? मीही नव्हती ऐकली. विष्णुभट गोडसे, 'माझा प्रवास' लिहिणारे, त्यांचं गाव. तुमच्या मोठीला कॉलेजात उतारा होता बघा, झाशीच्या राणीचा, डोळ्यांनी पाहिलेला. तो ह्यांचाच. मला वाटायचं असा माणूस म्हणजे कुठला तरी तिकडचा, ग्वाल्हेर-झाशीचा. अहो, पेण तालुक्यातला भिक्षुक ब्राह्मण! घरावर कर्ज झालेलं. कळलं की बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करतायत, दक्षिणा चांगली मिळेल. काका-पुतणे निघाले. कधी? १८५७ साली! मुहूर्त बघा केवढा साधला. कर्ज फेडायला निघालेला माणूस, तो सापडला बंडात. मथुरेचा यज्ञ राहिला बाजूला. झाशीला किल्ल्याला वेढा पडला तेव्हा हे आत. इंग्रजांनी शहर लुटलं, माणसं कापली, ती ह्यांनी लपून बघितली. मिळालेली दक्षिणा किती वेळा लुटली गेली त्याला गणती नाही. काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी राणी भेटली, धुळीनं माखलेली, तहानलेली. हे मडकं घेऊन पाणी काढायला गेले, तर तिनं ब्राह्मणाला काढू दिलं नाही, स्वतः शेंदून प्याली. असं पुस्तकात आहे. मला मैत्रिणीनं गाडीत सांगितलं तेव्हा अंगावर काटा आला. राज्य गेलंय, सैन्य मागे लागलंय, आणि तेवढ्यातही समोरच्या माणसाचा मान सांभाळायचं भान.

आणि एवढं सगळं करून परत आले ते काय घेऊन? पैसे नाहीत. गंगेच्या पाण्याची कावड! खांद्यावरून, पायी, थेट वरसईपर्यंत. त्या पाण्यानं आईवडिलांना आंघोळ घातली. कर्ज होतं तिथेच.

हे सगळं लिहून ठेवलं ते पुष्कळ वर्षांनी, चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून. आणि अट घातली की माझ्या पश्चात छापा. इंग्रजांचं राज्य, कोण जाणे काय बालंट येईल. छापलं १९०७ साली. म्हणजे जन्मभर ही केवढी मोठी बातमी पोटात ठेवली त्या माणसानं! आणि इथे मी, रविवारची गोष्ट, बुधवारपर्यंत दम निघाला नाही.

वरसईला पोचलो तर उन्हं कललेली. बाळगंगेच्या काठचं गाव. फार काही पाटीबिटी शोधत नाही बसलो. गावाबाहेर एका शेतात धूर दिसला, आणि वास आला. वहिनी, तो वास! ओळखा. पोपटी!

मडक्यात तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, कांदे, अंडी, वरून मीठ, ओवा, पुन्हा पाला. पाण्याचा थेंब नाही. तोंड पाल्यानंच दाबून मडकं उपडं घालायचं आणि भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ. चिकन असलं तर तेही केळीच्या पानात गुंडाळून आत. आम्ही रस्त्यावर उभ्या, मी चवड्यांवर, ही पैठणीचा पदर खोचून. तिथली म्हातारी ओरडली, "उभ्या काय गो, बसा येवून!" बोलावणं नव्हतं, ओळख नव्हती, आणि बसायला खुर्चीच नव्हती. पोत्यावर बसलो. सगळ्यांच्या मधोमध.

वालाची शेंग अशी उकलायची, आतला दाणा हिरवागार, धुराचा आणि त्या पाल्याचा वास आत मुरलेला. हिनं किती खाल्ल्या विचारू नका. पदराला राख लागली. म्हातारीनं हिच्या केसांकडे बघितलं, म्हणाली, वळेसर छान दिसतो. बस.

मग विचारलं कुठच्या? म्हटलं, मी तळोज्याची. तर तिचा मुलगा हसला. म्हणाला, "मग आमचं पाणी तुमच्याकडेच येणार."

मला कळेना. मग त्यानं सांगितलं. बाळगंगेवर धरण होतंय, सिडकोच्या वसाहतींना पाणी पाहिजे म्हणून. आज हेटवण्याचं येतं, तेही पेण तालुक्यातलंच. ते पुरत नाही, म्हणून हे. वर्षानुवर्षं रखडलंय, मधे चौकशाही लागल्या. बुडणाऱ्या गावांच्या यादीत वरसई आहे. पुनर्वसन कुठे, किती, कधी, ह्यावर मोर्चे झाले, बैठका झाल्या. तो काही चिडून बोलत नव्हता हो. शेंगा सोलून माझ्या पुढ्यात टाकत होता आणि सांगत होता. मला मात्र घास उतरेना. आपण इथे नळाला पाणी एक तास कमी आलं की ग्रुपवर किती मेसेज टाकतो! गेल्या उन्हाळ्यात टँकरवरून ए विंग आणि सी विंगमध्ये काय झालं ते मी सांगायला नको. आपल्याला पाणी पाहिजे, त्यात चूक काय? तान्ही मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत. पण पाणी येतं कुठून हे आपल्यातल्या एकालाही सांगता येणार नाही. मला सांगता येत नव्हतं. मोर्चात त्यांच्या मागण्या काय होत्या ते विचारायला आपल्या सोसायटीतून कधी कोणी गेलंय? आपण फक्त प्रेशर कमी का, ते विचारतो.

ही परतीच्या वाटेवर बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, गोडसे गंगेची कावड खांद्यावर घेऊन एवढ्या लांबून आपल्या गावात आला, आणि आता त्या गावावरच पाणी चढणार. मी काय बोलणार?

काय म्हणालात? हो, आली ना घरी नीट. मला सोडून डोंबिवलीला पोचल्यावर फोन केला. साखरपुडा छान झाला म्हणे. जाऊबाईनं हिची खुर्ची राखून ठेवली होती, पंख्याखाली. लग्न वैशाखात आहे. लग्नाला जाणार आहे ती. मी म्हटलं, अबोलीचा वळेसर घालून जा आणि ओटीच्या वेळी पहिल्या रांगेत बस. बघू, म्हणाली. आणि मी काय ठरवलंय ते तुम्हाला आत्ताच सांगते, मग नाही म्हणू नका. पुढच्या हळदीकुंकवाला बी विंगमधल्या बाईंना बोलवायला मी जाणार, आणि तुम्ही माझ्याबरोबर येणार.

ह्यांनी दुपारी काय खाल्लं? वडापाव. आणि परातीतले सोललेले वाल फ्रिजमध्ये ठेवायचे, एवढंही सुचलं नाही. आंबले सगळे.

आणि हे घ्या, साबण आणि मिरगुंड. भावजींना सांगा, या रविवारी क्रिकेट राहू दे, गाडी काढा. शिरढोण, पेण, गागोदे, वरसई, सगळं एका दिवसात होतं. पोपटीचा हंगाम हा महिनाभरच, वाल निबर झाले की मजा नाही. आणि वरसई आत्ताच बघून घ्या, धरणाचं दार कधी बंद होईल ते तिथल्या लोकांनाही कुणी नक्की सांगत नाही. गेलात तर तिथल्या माणसांना विचारा त्यांचं काय चाललंय, निदान आपल्याला ठाऊक तरी असू दे. सकाळी लवकर निघा आणि उजेडात परत फिरा. पेणच्या पुढे रस्ता अरुंद आहे आणि दिवे नाहीत.